भिंत, गोंदण आणि आपली नजर

आमच्या घरात पहिले पुस्तक आले ते माझ्या शाळेच्या दप्तरातून. त्याआधी घरात छापील असे काही नव्हते. चित्र मात्र होते. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी, वस्तीतल्या दोन खणांच्या घरात, दारातून आत शिरताच समोरच्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या. एक तथागत बुद्धाची, दुसरी बाबासाहेबांची. बाबासाहेबांच्या तसबिरीची काच एका कोपऱ्यात तडकलेली होती आणि आजी दर पौर्णिमेला ती ओल्या फडक्याने पुसायची. तिला अक्षर येत नव्हते, पण ते चित्र तिला वाचता येत होते. कोटाच्या खिशाला पेन का आहे, हातात पुस्तक का आहे, बोट कोणीकडे दाखवले आहे, हे ती मला एकेक करून सांगायची. बाराखडी शिकण्याआधी मी ते चित्र वाचायला शिकलो.

आज मी तालुक्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. दलित साहित्य शिकवताना कविता, कथा, आत्मकथन, जलसा असे सगळे प्रवाह मी फळ्यावर मांडतो. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आपल्या लोकांनी लिहिलं ते सगळं सांगितलंत. आपल्या लोकांनी काढलं ते कधी शिकवणार?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

दलित साहित्याने शब्दावरची मक्तेदारी मोडली, हे आता कोणी नाकारत नाही. पण डोळ्यांनी घ्यायची जी कला, म्हणजे चित्र, शिल्प, गोंदण, छायाचित्र, भिंतीवरचा रंग, तिचा विचार आपण फारसा केलेला नाही. पुस्तकाला मुखपृष्ठ हवे, सभेला फलक हवा, जयंतीला कमान हवी, एवढ्यापुरताच चित्रकार आपल्याला आठवतो. चित्रकला ही पोट भरलेल्या माणसाची, फावल्या वेळची गोष्ट आहे, अशी आपल्यातल्या कार्यकर्त्यांचीही समजूत दिसते. ही समजूत चुकीची आहे असे मला म्हणायचे आहे. कारण जात आधी डोळ्यांना शिकवली जाते आणि मग तोंडाला.

थोडा विचार केला तर हे ध्यानात येईल. स्पर्श ही फार पुढची गोष्ट आहे. स्पर्श टाळायचा तर माणूस आधी लांबून ओळखता आला पाहिजे. म्हणजे त्याच्या अंगावर खूण हवी. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी पेशवाईतल्या खुणांचा उल्लेख केला आहे. पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू बांधायचा, गळ्यात मडके अडकवायचे, ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते. पण त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधण्याची सक्ती होती. झाडूने पाऊल पुसायचे, मडक्यात थुंकायचे, एवढा तरी त्यांचा उपयोग व्यवस्थेने ठरवून दिला होता. दोऱ्याचा उपयोग काय? काहीच नाही. तो फक्त दिसावा म्हणून होता. सवर्णाच्या डोळ्याची सोय म्हणून दुसऱ्याच्या मनगटावर बांधलेला तो दोरा म्हणजे जातिव्यवस्थेने काढलेले चित्रच होते.

कोणी कोणते कापड नेसावे, लुगड्याचा घोळ कुठवर यावा, दागिना चांदीचा की कथिलाचा, घर गावाच्या कोणत्या दिशेला, या सर्व गोष्टी ठरलेल्या होत्या त्या याच कारणाने. आणि हे बाबासाहेबांनी फार लवकर ओळखले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांपुढे भाषण केले. जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, गळ्यातले आणि हातातले ते ओझे टाका, असे त्यांनी सांगितले. कायद्याचे आणि अर्थशास्त्राचे एवढे मोठे पंडित, पाण्याच्या हक्काचा लढा चालू आहे, आणि ते बायांच्या नेसण्याबद्दल बोलतात! काहींना हे किरकोळ वाटेल. पण ते खुणांवरचे आक्रमण होते. पाणी पिऊन तळ्याची बंदी मोडायची होती आणि नेसणे बदलून डोळ्याची.

बाबासाहेबांच्या पोशाखाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. १९२१ साली गांधीजींनी अंगावरचे कपडे कमी केले आणि पंचा स्वीकारला. ज्याच्याजवळ उतरवण्यासारखे काही आहे त्याच्या त्यागाचे ते चित्र होते. ज्यांना धड नेसण्याचीच बंदी होती त्यांनी काय उतरवावे? बाबासाहेबांनी कोट चढवला, टाय बांधला, खिशाला पेन लावले आणि ते तसेच छायाचित्रासाठी उभे राहिले. आजी त्या तसबिरीत जे वाचायची ते हेच.

आता घरच्या भिंतीकडे परत येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञा गावोगाव पोचल्या तेव्हा घराघरांतले देव्हारे उठले. आजी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. टाक, मूर्ती, देवांच्या तसबिरी टोपल्यांत भरून माणसे नदीला गेली, असे ती सांगायची. पाण्यात देव सोडताना काहींचे हात कापत होते, हेही ती सांगायची. त्यानंतर कितीतरी दिवस भिंत रिकामी होती. रिकाम्या भिंतीची भीती वाटायची, असे तिचे शब्द होते. मग सासऱ्यांनी बाजारातून बाबासाहेबांची तसबीर आणली. एका समाजाने आपल्या घराच्या भिंतीवरचे चित्र स्वतःच्या निर्णयाने उतरवले आणि दुसरे लावले, ही सांस्कृतिक इतिहासातली मोठी घटना आहे. आपण तिची नोंद धर्माच्या इतिहासात करतो. दृश्यकलेच्या इतिहासातही ती झाली पाहिजे.

भिंत बदलली, पण आजीच्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेले होते. दंडावर विंचू होता, हनुवटीवर तीन ठिपके होते. देव नदीत गेले आणि तुळस हातावरच राहिली. दहावीत असताना, नव्याने वाचू लागलेल्या पोराच्या तोऱ्यात, मी तिला विचारले होते, "आजी, आपण बौद्ध ना? मग ही तुळस कशी चालते?" ती म्हणाली, "देव पाण्यात सोडले बाबा, कातडं कुठं सोडू? अन् ही तुळस देवाची न्हाई. माझी हाय. माझ्या मायनं गोंदणारणीला शेरभर जोंधळे दिले तवा ही निघाली. सुई टोचताना मी रडले न्हाई."

त्या वेळी मला हे उत्तर अडाण्याचे वाटले. आज वाटते की कला म्हणजे काय याचे इतके नेमके उत्तर मला कोणत्याही पुस्तकात मिळालेले नाही. चित्र धर्माच्या परंपरेतून आले होते, आकार हजारो बायांच्या हातावरचाच होता, तरी ते तिचे होते. तिची आई, ते जोंधळे, ती सुई आणि न रडणे, हे सगळे त्या तुळशीत होते. गोंदण हा असा एक दागिना आहे की जो सावकाराला गहाण ठेवून घेता येत नाही आणि मेल्यावर कोणाला काढून घेता येत नाही. 'मेल्यावर संगं येतं ते एवढंच,' असे बाया म्हणत त्याचे कारण हेच. एका गरीब बाईने दुसऱ्या गरीब बाईच्या कातड्यावर काढलेले ते चित्र होते. त्याला ना कागद लागला, ना भिंत, ना कोणाची परवानगी.

गोंदणाचे मी उगाच उदात्तीकरण करू इच्छित नाही. त्यातही जात वाचता येत असे, त्यातही बाईच्या वाट्याला वेदनाच येत असे. पण एकाच खुणेचे दोन उपयोग असू शकतात. दुसऱ्याने ओळखावे म्हणून बांधलेला काळा दोरा ही गुलामी आहे. स्वतःला ओळखावे म्हणून काढलेले चित्र ही अभिव्यक्ती आहे. खूण कोणी ठरवली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

घरातून बाहेर पडून चौकात येऊ. 'पुतळ्यांपेक्षा शाळा बांधा' हा उपदेश आपल्याला नेहमी ऐकवला जातो. तो करणाऱ्यांच्या चौकांत पुतळ्यांची कमतरता नसते, ही गोष्ट तूर्त सोडून देऊ. १९५० साली, बाबासाहेबांच्या हयातीतच, कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे अर्धपुतळे बसवले गेले. त्यामागे भाई माधवराव बागल होते, आणि माधवराव स्वतः चित्रकार होते हे आपण विसरतो. कोणाचा चेहरा चौकात असावा हा राजकीय प्रश्न आहे, हे ज्याच्या हातात कुंचला होता त्याला आधी कळले, यात मला नवल वाटत नाही. पुढे १९६७ साली संसदेच्या आवारात शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळा उभा राहिला. पण खरा इतिहास त्यानंतर वस्त्यांत घडला. मजुरीतून वर्गणी काढून, सिमेंटचा का होईना, गावाच्या वाटेवर एक माणूस उभा केला गेला. तो हात जोडत नव्हता, मान खाली घालत नव्हता. ज्या वाटेने आपल्याला खाली मान घालून जावे लागे त्याच वाटेवर एक ताठ मान कायमची उभी राहिली.

म्हणूनच पुतळ्यावर हल्ले होतात. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मेली. दगडाच्या मूर्तीसाठी माणसे का मरतात, असे तेव्हा विचारणारे होते. त्यांना दगड दिसत होता. वस्तीला आपला चेहरा दिसत होता.

हे सर्व मान्य करून आपल्याकडेही बोट दाखवले पाहिजे. आमच्या वस्तीत एक पेंटर होता. जयंतीच्या आधी पंधरा दिवस तो समाजमंदिराची भिंत पांढरी करायचा, तिच्यावर चौकटी आखायचा आणि छोट्या छायाचित्रावरून बाबासाहेबांचा मोठा चेहरा काढायचा. आम्ही पोरे रंगाचे डबे धरून उभे असू. त्याने काढलेले बाबासाहेब थोडे त्याच्या स्वतःच्या वडिलांसारखे दिसत. नाक जरा रुंद, रंग जरा सावळा. लोक हसत, पण ते चित्र आमचे होते. मग फ्लेक्स आला. एका रात्रीत छापून मिळणारा, स्वस्त, चकचकीत. पेंटरचे काम गेले, तो गवंड्याच्या हाताखाली गेला. आता गावोगाव एकच चेहरा, एकच निळा रंग, आणि त्याच्याखाली टिकल्यांएवढ्या चेहऱ्यांची पुढाऱ्यांची रांग. फोटो वाढले आणि चित्र संपले. चित्र काढणारा हात निघून गेला की उरतो तो साचा, आणि साच्याची पूजा करता येते, त्याच्याशी बोलता येत नाही. बाबासाहेबांना स्वतःला हे मान्य झाले नसते. उतारवयात ते चित्रकला शिकत होते, आणि मिटल्या डोळ्यांचा बुद्ध त्यांना पुरेसा वाटत नव्हता. त्यांच्या हातचा म्हणून जो बुद्ध आपण ओळखतो त्याचे डोळे उघडे आहेत. शेकडो वर्षांचा ठरलेला आकार त्यांनी बदलून पाहिला. आपण मात्र त्यांचाच आकार गोठवून ठेवतो.

हात कोणाचा आणि नाव कोणाचे, हा दृश्यकलेतला दुसरा प्रश्न आहे. दरवर्षी आम्ही विद्यार्थ्यांची सहल अजिंठ्याला नेतो. सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात ते लेणे करवून घेणाऱ्या वाकाटकांच्या मंत्र्याचे, वराहदेवाचे नाव आहे. पण ज्यांनी अंधारात वर्षानुवर्षे गिलाव्यावर रंग भरला त्यांची नावे कोठे आहेत? देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले, काढणाऱ्याचे राहिले नाही. कुंभार, सुतार, बुरूड, चांभार यांच्या हातून शतकानुशतके आकार निर्माण झाले, पण त्याला कला न म्हणता जातीचा धंदा म्हटले गेले. ज्या हाताने वस्तू घडते तो हात हलका आणि जो डोळा ती नुसती पाहतो तो रसिक, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी मोडता येते का? येते. याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. ते बिहारमधल्या मधुबनी भागातले आहे, पण त्याची सुरुवात एका मराठी माणसापासून होते. १९६६-६७ च्या सुमारास बिहारमध्ये दुष्काळ पडला. तेथील बायांना काही उत्पन्न मिळावे म्हणून अखिल भारतीय हस्तकला मंडळाने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना पाठवले. बाया लग्नकार्यात घराच्या भिंतीवर जी चित्रे काढत ती त्यांनी कागदावर काढावीत, म्हणजे ती विकता येतील, अशी कल्पना होती. हेच कुलकर्णी पुढे डहाणूच्या वारली पाड्यांवरही गेले. मधुबनीची चित्रे जगभर गेली. पण प्रथम नाव झाले ते प्रामुख्याने ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या बायांचे. जगदंबा देवींना १९७५ साली आणि सीता देवींना १९८१ साली पद्मश्री मिळाली. त्यांची कला मोठीच होती. पण त्याच जितवारपूर गावात दुसाध जातीच्या, म्हणजे आपल्यासारख्याच अस्पृश्य मानलेल्या बाया राहत होत्या. त्यांच्या भिंतींची चित्रे कोण पाहणार? सवर्णांच्या घरातला तो रामसीतेचा आणि विवाहविधीचा चित्रसंसार त्यांचा नव्हता.

सत्तरच्या दशकात एरिका मोझर नावाच्या जर्मन अभ्यासक बाई तेथे आल्या. तुमचे स्वतःचे जे आहे ते काढा, असे त्यांनी या बायांना सुचवले. त्या बायांजवळ स्वतःचे काय होते? अंगावर गोंदण होते. तिकडे त्याला गोदना म्हणतात, आणि नट समाजातल्या बाया ते गोंदत. चानो देवी आणि त्यांच्याबरोबरच्या बायांनी कातड्यावरच्या त्या रेघा, ते ठिपके, ती वर्तुळे कागदावर उतरवली. कागदाला शेणाचा हात दिला. विषय घेतला तो राजा सलहेसचा, म्हणजे दुसाधांच्या गाण्यांतल्या आपल्या नायकाचा. दुसऱ्याच्या पुराणातून देव उसने आणले नाहीत. गोदना ही मधुबनी चित्रांमधली एक वेगळी शैली म्हणून उभी राहिली. २०२४ साली शांती देवी पासवान आणि शिवन पासवान या जोडप्याला याच शैलीसाठी पद्मश्री मिळाली. त्याआधी २०२१ साली दुलारी देवींना ती मिळाली होती. दुलारी देवी मासेमारी करणाऱ्या मल्लाह जातीच्या, आणि चित्रकार बायांच्या घरी धुणेभांडी करता करता त्या शिकल्या.

सरकारी सन्मान म्हणजे सर्व काही असे मी म्हणत नाही. बाजाराला जात नसते हेही खरे नाही, आणि दलालाच्या हातात चित्राची किंमत कशी बदलते हे सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, ज्या बायांना भिंत नव्हती त्यांनी आपल्या कातड्यावरून सुरुवात केली. हे वाचले तेव्हा मला आजीचे मनगट आठवले. जी तुळस मी अडाणीपणा म्हणून बाजूला टाकली होती तिच्यापासून एक शैली उभी राहू शकते, हे मला पन्नास वर्षे उशिरा आणि हजार मैल लांबून कळले.

आपल्या प्रांतातही काम झालेले आहे. नागपूरचे सवी सावरकर बडोद्याला शिकले आणि पुढे दिल्लीत कला शिकवू लागले. त्यांच्या चित्रांत आणि मुद्राचित्रांत गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू पुन्हा येतो, देवदासी येते. त्या माकृती सुंदर नाहीत, ओरबाडल्यासारख्या आहेत. जी खूण आपल्यावर लादली गेली तीच उचलून पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोर धरायची, अशी ती रीत आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली आणि रोज दिसत असूनही न दिसणारी माणसे दाखवली. २०११ साली निघालेल्या 'भीमायन' या चित्रग्रंथात दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे चरित्र चितारले. त्यांनी पानावर चौकोन पाडले नाहीत. भिंतीवर आणि अंगणात काढायच्या दिग्ण्याच्या वळणांनी त्यांनी प्रसंग वेगळे केले. साध्या माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते आणि जातीचे विषारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या आकारात. आदिवासी हाताने बाबासाहेबांना आपल्या परंपरेत घेतले, आणि कोणाचे काही बिघडले नाही. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या 'फँड्री'त डुक्कर खांद्यावर घेऊन एका घरची माणसे शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. त्या दृश्यात एक शब्द नाही, आणि आपल्या सार्वजनिक जीवनावरची त्याहून कठोर टीका मी वाचलेली नाही.

आता थोडे स्वतःविषयी. मी लहानपणी कोळशाने भिंतीवर चित्रे काढत असे. पेंटरच्या हाताखाली रंग कालवायलाही शिकलो. आठवीत असताना एलिमेंटरीच्या परीक्षेला बसावे असे फार वाटले. फी होती, रंगाची पेटी हवी होती, कागद हवे होते. मी चित्रकलेच्या गुरुजींना विचारायला गेलो. ते म्हणाले, "जयंतीचे बोर्ड रंगवायला परीक्षा लागत नाही." वर्गातली मुले हसली. मी परत आलो आणि पुन्हा कोळसा हातात घेतला नाही. अभ्यास केला, अक्षराच्या वाटेने गेलो, प्राध्यापक झालो. लोक याला यश म्हणतात. ते आहेही. पण त्या दिवशी एक हात बंद झाला, आणि असे किती हात बंद झाले याची मोजदाद कोणी केलेली नाही.

म्हणून त्या विद्यार्थिनीची गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. तिची आई नगरपालिकेच्या रस्त्यावर झाडू मारते. महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी तिने आईचे चित्र काढून आणले. पाठमोरी बाई, वाकलेली, हातात झाडू, समोर लांबच लांब रिकामा रस्ता. चेहरा नाही. एक सहकारी म्हणाले, "याने भित्तिपत्रकाची शोभा जाते." हे अपेक्षितच होते. पण आपल्याच चळवळीतले दोन कार्यकर्ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, झाडू आपण कधीच टाकला. पुन्हा तेच दाखवायचं? तिला बाबासाहेबांचं चित्र काढायला सांगा." त्यांचे म्हणणे मला पटले, हे मी येथे कबूल करतो. मी तिला सुचवले, "आईच्या हातात झाडूऐवजी पेन दाखव." ती म्हणाली, "सर, आईनं अजून टाकलेला नाही."

मी दोन दिवस ते चित्र कपाटात ठेवले. त्या दोन दिवसांत मला माझे गुरुजी आठवत राहिले. एक गुरुजी जातीच्या अहंकाराने मुलाचा हात अडवतो, दुसरा चळवळीच्या काळजीने मुलीचा हात अडवतो. अडणाऱ्या हाताच्या दृष्टीने यात फरक काय? तिसऱ्या दिवशी मी ते चित्र होते तसे लावले. संध्याकाळी तिची आई काम आटोपून ते पाहायला आली. बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "माझी पाठ मी कधी बघितलीच नव्हती."

चित्राचे काम हे आहे. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. वर्षानुवर्षे दुसऱ्यांनी ती पाहिली, तिच्यावर ओझे ठेवले, तिच्यावरून आपली किंमत ठरवली. जोवर आपल्यातला कोणी ती काढून आपल्यासमोर ठेवत नाही, तोवर आपण दुसऱ्याच्या नजरेतच राहतो. चळवळीला आदर्शाचे चित्र हवे असते, ते मी नाकारत नाही. बाबासाहेबांच्या तसबिरीशिवाय मी इथवर आलो नसतो. पण त्या तसबिरीशेजारी वाकलेल्या पाठीलाही जागा हवी. समूहाचे चित्र आणि एकट्या माणसाचे चित्र हे एकमेकांचे वैरी नाहीत. ज्या समाजाने त्या मुलीच्या आजोबांना मान वर करायला शिकवले त्याच समाजाने तिला जे दिसते ते काढू दिले पाहिजे.

यातून काही साधी कामे निघतात. समाजमंदिराची एक भिंत फ्लेक्सपासून मोकळी ठेवावी आणि वस्तीतल्या मुलांच्या हाती द्यावी. जयंतीच्या वर्गणीतून दहा मुलांच्या रंगपेट्या आणि रेखाकला परीक्षेची फी निघू शकते, ती काढावी. जे पेंटर अजून हयात आहेत त्यांना पोरांपुढे बोलवावे. साहित्याच्या अभ्यासाबरोबर चित्रांचा अभ्यास सुरू करावा. आमच्यासारख्या शिक्षकांनी मुलांना काय काढावे हे न सांगता आधी त्यांनी काय काढले आहे ते पाहावे. आणि सर्वांत घाईचे काम म्हणजे गोंदण. ज्यांच्या अंगावर जुने गोंदण आहे त्या बाया आता फार थोड्या उरल्या आहेत. त्यांच्या संमतीने त्या हातांची चित्रे, छायाचित्रे आणि त्यांनी सांगितलेल्या हकिकती गोळा केल्या पाहिजेत. ते शिल्लक राहणार नाही, कारण ते कातड्याबरोबर जाते.

आजी जाऊन आता नऊ वर्षे झाली. तिचे एकच छायाचित्र आमच्याकडे आहे, मतदानाच्या ओळखपत्रावरचे. त्यात फक्त चेहरा आहे, हात नाही. मनगटावरची ती तुळस कशी होती, किती पानांची, खाली किती ठिपके, हे मला आता आठवून सांगता येत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी पेन्सिल घेऊन बसलो होतो. चार वेळा काढली, चारही वेळा चुकली. माझा हात बसलेला नाही. ज्या वाचकांच्या घरी असा एखादा हात अजून आहे त्यांनी उशीर करू नये.